वीस मिनिटांचा डबा

सरांबद्दल चार चांगले शब्द बोला, असा फोन दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी केला, तेव्हा मी ऑफिसात फायलींच्या ढिगाऱ्यामागे होते. मी विचार केला आणि मोजून चारच शब्द सापडले. लँडिंग फार छान करायचे. यापुढचं जे काही होतं ते मंडळाच्या कार्यक्रमात, समोर लहान मुलं आणि साबुदाणा वडे असताना, बोलण्यासारखं नव्हतं. तरी मी हो म्हणाले. नौदलात काही वर्षं काढली की सीनियर माणसाच्या सत्काराला नाही म्हणायची जीभच उरत नाही.

सर म्हणजे माझे पहिले फ्लाइट कमांडर. युद्धनौकेच्या मागच्या अंगाला एक सपाट डेक असतो, त्यावर एक हेलिकॉप्टर असतं, ते उडवणारे दोन-तीन वैमानिक असतात आणि ते सांभाळणारे दहाबारा खलाशी. या लवाजम्याला फ्लाइट म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला फ्लाइट कमांडर. मी त्यांच्या हाताखाली दुसरी वैमानिक म्हणून सव्वा वर्ष समुद्रावर काढलं. आता ते निवृत्त होऊन द्वारकेत आठव्या मजल्यावर राहतात आणि मी दिल्लीतच टेबलापाशी बसते. दोन महिन्यांनी मला माझी स्वतःची फ्लाइट मिळायची आहे.

सत्काराच्या आधीचा माझा आठवडा एकाच प्रश्नाने खाल्ला. आमच्या त्या सव्वा वर्षात एका दुपारी एक माणूस समुद्रात राहिला होता आणि आम्ही टाकीत इंधन असताना परत फिरलो होतो. हे जहाजावर कोणी बोललं नाही. मीही नाही. ते आता बोलायचं की नाही, आणि बोलले तर माझ्या हातात येऊ घातलेल्या फ्लाइटचं काय होईल, हे मी रोज मेट्रोत उभी राहून ठरवत होते आणि रोज मयूर विहारला उतरेपर्यंत बदलत होते. त्यात बाबा म्हणाले, मी पण येतो. बाबा केंद्राच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. माझा फ्लाइंग सूटमधला फोटो त्यांनी दिवाणखान्यात अशा ठिकाणी लावलाय की गॅस सिलिंडर आणून देणाऱ्यालाही तो बघितल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

तर सर.

पहिली गोष्ट म्हणजे या गृहस्थांना जहाज आवडत नसे. सगळी नोकरी जहाजांवर काढली, पण जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना ते ड्रायव्हर म्हणत. तेही सरांना काही चांगलं म्हणत नसत. आम्ही वैमानिक तिथे घरजावईच. जहाजावरचा प्रत्येक अधिकारी चार-चार तासांच्या पाळ्या करून डोळे लाल करून घेतो, आणि आम्हाला मात्र उडायचं असतं म्हणून नियमाने आठ तास झोप. सरांनी त्या झोपेची पाटी करून केबिनच्या दारावर लावली होती. कोणी चुकून दार वाजवलं तर आतून आवाज यायचा, "नियम वाचता येत नाहीत का?" दार उघडायचं नाहीच. एकदा आग विझवण्याचा सराव चालू होता, सगळं जहाज पाइप घेऊन पळत होतं आणि हे आतून नियम विचारत होते.

दुसरं भांडण पाण्याचं. खाऱ्या वाऱ्यात उडून आलं की हेलिकॉप्टरचं इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर मीठ त्याला खातं. जहाजावर गोडं पाणी मोजकं. त्यामुळे खलाशांना अर्धी बादली आणि हेलिकॉप्टरला शाही स्नान, असा प्रकार रोज चालायचा. बाकीच्या फ्लाइट कमांडरांना याची थोडी लाज वाटते, ते हळूच धुऊन घेतात. आमचे सर धुण्याच्या वेळी मुद्दाम डेकवर खुर्ची टाकून बसत आणि डब्यातला चिवडा खात. चिवडा त्यांच्या घरचा असे. सव्वा वर्षात त्यातला एक दाणा त्यांनी कोणाला दिला नाही. मी मराठी असल्यामुळे मला एकदा वास घेऊ दिला.

सकाळी उजाडताच आम्ही सगळे डेकवर एका रांगेत उभे राहून खाली बघत चालत जायचो. एखादा खिळा, तारेचा तुकडा, तुटलेलं बटण पडलेलं असलं तर इंजिन ते आत ओढून घेतं, म्हणून हे रोजचं वेचणं. सर रांगेच्या मागून चालायचे आणि खिशातून एक नट टाकायचे. तो कोणाला दिसला नाही तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून चालायचं. हे मी शिस्त म्हणून समजून घेतलं असतं, पण कधीकधी ते नट टाकायचेच नाहीत आणि आम्ही तासभर तो शोधत राहायचो. मग म्हणायचे, "नव्हताच. पण तुम्ही नीट बघितलंत ना आज?"

वजनाचा किस्सा अजून नौदलात सांगितला जातो. मुख्यालयातले एक फार मोठे साहेब जहाज बघायला आले होते आणि त्यांना परत किनाऱ्यावर सोडायचं होतं. हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येकाचं वजन धरून बेरीज करावी लागते. साहेबांच्या ऑफिसने आधीच कागद पाठवला होता, पंच्याण्णव किलो. सरांनी भटारखान्यातून बटाट्याची पोती तोलायचा काटा वर मागवला आणि साहेबांना त्यावर उभं केलं. डेकवर सलामीसाठी माणसं ताठ उभी होती. सरांनी आकडा मोठ्याने वाचला.

"एकशे चार, सर. नऊ किलो जास्त आहे."

साहेब हसले. "अच्छा, तो क्या करें?"

"काही नाही, सर. तुमची बॅग इथे राहील."

बॅग राहिली. ती चार दिवसांनी बोटीने गेली. सगळं जहाज आठवडाभर सरांवर खूश होतं, ड्रायव्हरसुद्धा. मला मात्र हसू येत नव्हतं. नऊ किलोंसाठी एवढा सत्यवादी झालेला माणूस रोज टाकीतलं किती इंधन लपवत होता, ते मला माहीत होतं, कारण लपवायचं काम माझ्याकडे होतं.

हेलिकॉप्टर हवेत गेलं की ठरावीक वेळाने जहाजाला रेडिओवर सांगावं लागतं, अजून किती मिनिटं उडू शकतो. परत येऊन उतरण्यापुरतं इंधन आधीच बाजूला धरलेलं असतं, ते सगळेच धरतात, त्यात लपवाछपवी नाही. सर त्याच्यावर आणखी वीस मिनिटं चोरून ठेवायचे. रेडिओवर बोलायचं काम दुसऱ्या वैमानिकाचं, म्हणजे माझं. खरे साठ असले तर मी चाळीस सांगायचं. आमच्या दोघांच्या कानात मात्र खरा आकडा आणि तो मराठीत, कारण मागे बसलेल्या खलाशाला मराठी येत नव्हतं.

"डबा किती आहे, मुली?"

"वीस, सर."

"ठीक. झाकण लाव."

डबा हा त्यांचाच शब्द. मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं की हे कशासाठी. त्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली पुढ्यात घेतली. हे जहाज, असं म्हणून ती ठेवली. चमचा म्हणजे हेलिकॉप्टर. ऐन तारुण्यात ते असेच उडून परत आले तेव्हा जहाज ठरल्या जागी नव्हतं. कप्तानाला दुसरीकडे काहीतरी संशयास्पद दिसलं होतं, तो रेडिओ बंद करून तिकडे वळला होता आणि सांगायला विसरला होता. सरांनी बाटली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली आणि चमचा रिकाम्या जागेवर गोल गोल फिरवला. शेवटी सापडलं तेव्हा टाकीत चार मिनिटं उरली होती. उतरल्यावर कप्तान म्हणाला, "सॉरी यार." ही गोष्ट ते नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, त्याच शब्दांत, तीच बाटली सरकवून. जहाज आपल्या जागेबद्दल खोटं बोलतं, म्हणून आपण आपल्या इंधनाबद्दल खोटं बोलायचं, हा त्यांचा सिद्धांत.

गोष्ट खरी होती, आणि भीतीही खरी होती. ती मला कळते. खाली नुसतं पाणी असताना घर सापडत नाही तेव्हा काय होत असेल, ते मला कोणी समजावून सांगायला नको. पण त्या एका दुपारच्या भीतीवर या गृहस्थांनी उरलेली सगळी नोकरी काढली. त्यानंतर जहाजं बदलली, उपकरणं बदलली, आता जहाज कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. यांचं मीठ अजून टेबलावर सरकतंच होतं.

उतरायचे मात्र सुंदर. खवळलेल्या समुद्रात डेक वर-खाली, डावीउजवीकडे झुलत असतो, आणि त्या झुलत्या पाटावर चाकं अलगद ठेवायची असतात. बाकीचे वैमानिक घाम पुसत झुंज देतात. सर डेकच्या बाजूला हेलिकॉप्टर स्थिर धरून नुसते बघत राहायचे. मोठ्या लाटा जाऊ द्यायचे, मग जहाज एक क्षणभर गप्प होतं, त्या क्षणात हे खाली. "त्याला श्वास सोडू दे," एवढंच म्हणायचे. मी आज जी उतरते ती त्यांच्यासारखी उतरते. याचाही मला राग येतो.

निवृत्तीनंतर मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. दारातच विचारलं, "येताना गाडीत पेट्रोल किती होतं?" मी मेट्रोने आले म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. बाल्कनीत बसून ते विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना नावं ठेवत होते. हा लवकर आला, हा उशिरा वळला. आत मॅम, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा करत होत्या. फार शांत बाई. मला म्हणाल्या, "अगं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मला अजून एकाही गाडीची खरी वेळ कळलेली नाही. सातची असली तर हे पावणेसात सांगतात, साडेसहासुद्धा सांगतात. माझ्या आईच्या शेवटच्या वेळी मी नागपूरला निघाले होते ना, तेव्हा स्टेशनवर चाळीस मिनिटं बसून होते. ती चाळीस मिनिटं मी तिच्याशी फोनवर बोलू शकले असते. घाई करून ठेवायला लावला यांनी." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या आणि साखर किती ते विचारलं.

आता ती दुपार.

वादळ होऊन दोन दिवस झाले होते. समुद्र अजून उतरला नव्हता. मासेमारीची एक बोट उलटल्याचं कळलं आणि आमचं जहाज सर्वांत जवळ होतं. बोटीवर चौघं होते. तिघं उलट्या बोटीला धरून होते, त्यांना जहाजाने ओढून घेतलं. चौथा लाटेने सुटून वाहत गेला होता. त्याला शोधायला आम्ही उडालो.

पाण्यात माणूस शोधणं म्हणजे नांगरट करावी तसं असतं. एक पट्टा जायचं, वळायचं, शेजारचा पट्टा परत यायचं. डोळे फाडून बघायचं. पांढरा फेस सगळीकडे असतो आणि प्रत्येक फेस माणसासारखा दिसतो. मी दर वेळी जहाजाला इंधन सांगत होते, वीस कमी करून, सवयीने. सवय इतकी झाली होती की वजाबाकी करावी लागत नव्हती.

शेवटच्या पट्ट्याला मागच्या खलाशाला काहीतरी नारिंगी दिसल्यासारखं वाटलं. आम्ही वळलो. काही नव्हतं, किंवा होतं ते लाटेखाली गेलं. तेवढ्यात जहाजाने परत बोलावलं. त्यांच्या हिशेबाने आमची वेळ संपली होती. त्यांच्याकडे माझाच आकडा होता.

मी सरांना म्हणाले, "सर, डबा आहे."

त्यांनी हेलिकॉप्टर जहाजाकडे वळवलं.

"सर, वीस मिनिटं आहेत. अजून दोन पट्टे होतात. जहाज समोर दिसतंय."

"डबा यासाठी नसतो," सर म्हणाले.

मग रेडिओवर स्वतः कप्तान आले. एरवी ते कधी येत नसत. त्यांनी विचारलं, आणखी दहा मिनिटं ताणता येतील का. आज्ञा नव्हती, विनंती होती. मी सरांकडे बघितलं. त्यांनी समोर बघत मान हलवली, नाही अशी. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "निगेटिव्ह."

एक शब्द. आवाज माझा, स्वच्छ, ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसा.

जहाज त्या दिवशी ठरल्या जागी होतं, एक इंचही हललं नव्हतं. सर नेहमीसारखे उतरले. पुन्हा इंधन भरताना पाइप धरलेल्या खलाशाने मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं नाही. इतकं थोडं इंधन मावलं होतं की त्याला सगळं समजलं असणार. आम्ही परत उडणार तोवर समुद्र आणखी चढला आणि उड्डाण रद्द झालं, मग उजेड गेला. दुसऱ्या दिवशी आणखी जहाजं आली, विमान आलं. तो सापडला नाही. वीस मिनिटांत सापडला असता असं मी म्हणत नाही. नसताही सापडला. पण त्या दोन पट्ट्यांवर कोणी बघितलंच नाही, एवढं नक्की.

वाचलेले तिघं रायगडच्या किनाऱ्याचे निघाले. जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मला त्यांच्याशी बोलायला खाली पाठवलं. सर आठ तासांच्या पाटीमागे होते. त्या तिघांत एक चौथ्याचा सख्खा भाऊ होता. त्याच्या अंगावर जहाजाचं घोंगडं होतं. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही लई फिरलात. आम्ही जहाजावरनं बघत होतो. तुमच्याकडनं काय कमी नाय झालं."

मी त्याला चहा दिला. लॉगबुकात इंधनाचा आकडा मी लिहिला, रोजच्यासारखा. का गप्प बसले याचं उत्तर फार साधं आहे. माझा वार्षिक अहवाल सर लिहायचे आणि मला पुढे स्वतःची फ्लाइट हवी होती. अहवाल उत्तम आला. 'दडपणाखाली शांत' असं त्यात लिहिलं होतं.

रविवारी सकाळी बाबा आणि मी मयूर विहारहून ब्लू लाइनने द्वारकेला गेलो. बाबांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला स्टेशन यायच्या आत मी कोण आहे ते सांगून झालं होतं. हॉल भरलेला होता. शाल, श्रीफळ, गणपतीची छोटी मूर्ती. सेक्रेटरीबाईंनी सरांना आधी बोलायला सांगितलं.

सर उभे राहिले आणि त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढ्यात घेतला. मला वाटलं आता हे सरकवणार. पण त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. वादळानंतरचा समुद्र, उलटलेली बोट, चौथा माणूस. अंगावर काटा येईल असं सांगत होते, मुलं पुढे सरकून बसली होती. मग माझ्याकडे हात केला.

"आणि ही आमची मुलगी. पहिलं पोस्टिंग. कप्तान स्वतः रेडिओवर विनंती करतोय, दहा मिनिटं दे. कोणी दुसरी असती तर विरघळली असती. ही म्हणाली, निगेटिव्ह. बिल्कुल थंडपणे. का? कारण इंधन म्हणजे इंधन. तिथे भावना चालत नाही. याला म्हणतात डिसिप्लिन."

टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होते आणि शेजाऱ्याकडे वळून बघत होते. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात लबाडी नव्हती. मनापासून कौतुक होतं. ते डबा विसरले होते, की त्यांच्या हिशेबात तो कधी नव्हताच, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मला इतका संताप आला की आठ दिवसांचा प्रश्न तिथेच मिटला. मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं.

इंधन होतं, म्हणाले. वीस मिनिटांचं होतं. आम्ही रोज लपवायचो, का लपवायचो, कोण आकडा सांगायचं, सगळं. कप्तानांनी विचारलं तेव्हा निगेटिव्ह म्हणणं खोटं होतं आणि ते मी म्हणाले. लॉगबुकात खोटं लिहिलं तेही मी लिहिलं. हे मी आता वरच्यांना कळवणार आहे, असंही बोलून गेले. सात-आठ मिनिटं बोलले असेन.

मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, मघापेक्षा जोरात. सेक्रेटरीबाई डोळे पुसत म्हणाल्या की आपल्या सैनिकांना किती कठीण निर्णय घ्यावे लागतात, हे आज आपल्याला कळलं. एका मुलाने येऊन माझ्यासोबत फोटो काढला. माझ्या बोलण्यातलं त्यांना काय ऐकू आलं, देव जाणे. युनिफॉर्ममधल्या माणसाने काहीही सांगितलं तरी लोकांना ते शौर्यच वाटतं.

वड्यांच्या रांगेत सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चिडलेले नव्हते. त्यांनी प्लेट पुसली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "चूक सांगितलंस, मुली. ते इंधन जहाजाच्या चुकीसाठी ठेवलेलं होतं. त्या दिवशी जहाजाने चूक केली नाही, त्याला मी काय करणार?"

मॅम मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या प्लेटमध्ये एक वडा ठेवला आणि सरांच्या प्लेटमध्ये ठेवायच्या राहिल्या.

परतीच्या मेट्रोत आम्हाला बसायला जागा मिळाली होती. राजीव चौकला गर्दी चढली, उतरली. मी मनातल्या मनात पत्राची सुरुवात जुळवत होते, कोणाला पाठवायचं, फ्लाइट जाईल ती जाईल, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी मी काहीतरी बरं केलं होतं. बाबा आता काय म्हणतील, याची मी थोडी वाटही बघत होते.

गाडी यमुनेवरून जाताना बाबांनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"कोणाचं?"

"जो राहिला त्याचं."

"जनार्दन."

"अच्छा. म्हणजे तुला माहीत होतं."

"हो. त्याच्या भावाने तेव्हाच सांगितलं होतं."

बाबांनी चष्मा काढून कुर्त्याला पुसला. "तिथे तू एकदाही घेतलं नाहीस. एवढं बोललीस. टाकी झाली, सर झाले, लॉगबुक झालं, तू झालीस. तो काही आला नाही त्यात."

ते रागाने म्हणाले नाहीत. फाइल वाचून झाल्यावर राहून गेलेली गोष्ट दाखवावी तसं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी त्या दुपारपर्यंत मागे गेले. सरांचा आलेला राग आठवला, कप्तानांसमोर उघडं पडायची भीती आठवली, अहवालाची काळजी आठवली. पाइप धरलेल्या खलाशाची खाली गेलेली नजर आठवली आणि तिची वाटलेली लाजही आठवली. जनार्दनसाठी मला वाईट वाटलं होतं का, ते मी मयूर विहार येईपर्यंत आठवत होते. मला आठवलं नाही.